टिळकांना दीड पान

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या अंकात इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या एका वडिलांचे पत्र वाचले. मुलगी सतरा वर्षांची, सिक्स्थ फॉर्मच्या दुसऱ्या वर्षाला. विषय इतिहास, राज्यशास्त्र आणि इंग्रजी साहित्य. रात्री साडेबारापर्यंत तिच्या खोलीत दिवा असतो, टाचणांच्या फायली कपाटात मावत नाहीत, आणि तरी इतिहासाच्या निबंधाला दर वेळी बी. समासात शिक्षिकेचा एकच शेरा: 'नॅरेटिव्ह', म्हणजे नुसती गोष्ट सांगितली आहे. वडील विचारतात, नेमका कोणता क्लास लावू, आणि चांगल्या नमुना-उत्तरांचे पुस्तक कुठे मिळेल?

मी लेस्टरमधल्या एका सिक्स्थ फॉर्म कॉलेजात एकोणीस वर्षे इतिहास शिकवते आहे. तो शेरा दर आठवड्याला कुणाच्या ना कुणाच्या कागदावर मीही लिहिते, म्हणून उत्तर द्यावेसे वाटले. पत्र लांबणार आहे. कात्री लावायची झाली तर माझ्या आठवणींपासून सुरुवात करावी, माझी हरकत नाही.

इथली व्यवस्था ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. सोळाव्या वर्षी जीसीएसई परीक्षा झाली की पुढची दोन वर्षे म्हणजे सिक्स्थ फॉर्म. आपल्या अकरावी-बारावीच्या वयाची मुले, पण विषय बहुधा तीनच, आणि तेही ज्याचे त्याने निवडलेले. २०१५ पासून टप्प्याटप्प्याने सगळे विषय नव्या पद्धतीवर गेले आणि सिक्स्थ फॉर्मची अंतिम परीक्षा, म्हणजे ए-लेव्हल, दोन वर्षे संपल्यावर एकदमच होऊ लागली. आम्ही एक्यूए या परीक्षा मंडळाचा इतिहास शिकवतो. त्यात अडीच-अडीच तासांचे दोन पेपर, प्रत्येकी ८० गुणांचे. एका पेपरात उताऱ्यांवरचा ३० गुणांचा प्रश्न आणि २५-२५ गुणांचे दोन निबंध. उरलेले २० टक्के गुण स्वतंत्र प्रकल्पाला.

आता महत्त्वाची गोष्ट. इथे मुद्द्याला अर्धा आणि तारखेला अर्धा असे गुण सुटत नाहीत. परीक्षक अख्खा निबंध वाचतो आणि पाच पायऱ्यांपैकी तो कोणत्या पायरीवर बसतो ते ठरवतो, मग त्या पायरीच्या आत गुण देतो. निबंधात २१ ते २५ ही सर्वांत वरची पायरी. तिथे पोचायला निबंध संपूर्ण विश्लेषणाचा हवा आणि त्यातला निर्णय पुराव्याने पेललेला हवा. नुसत्या अचूक माहितीवर माणूस मधल्या पायरीवर बसतो आणि तिथेच राहतो, मग माहिती चार पाने असो की आठ.

हे मला स्वतःला पचायला फार वेळ लागला. माझी बारावी महाराष्ट्रातली. पेपर सुटला की वर्गाबाहेर पहिला प्रश्न असायचा, "पुरवण्या किती लावल्यास?" इतिहासाला मी चार लावल्या होत्या आणि त्या दोऱ्याने बांधताना पर्यवेक्षकांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मला कौतुकाची वाटली. कदाचित दोरा संपत आला असेल. पुढे इंग्लंडमध्ये शिक्षक-प्रशिक्षणाच्या वर्षात मी एक निबंध असाच दणदणीत लिहून दिला. आमच्या मार्गदर्शक बाईंनी तो परत केला, आणि शेवटच्या पानाखाली दोनच शब्द होते: 'सो व्हॉट?' मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नव्हते.

तर त्या वडिलांना मला आधी हे सांगायचे आहे की तुमची मुलगी कमी अभ्यास करत नाही. ती प्रश्न सोडून सगळ्याचा अभ्यास करते. मेहनती मुलांचा हा रोगच आहे, आणि आपल्याकडच्या मुलांत तो जरा जास्त, कारण घरात पानांची संख्या मोजली जाते.

उदाहरण देते. मागे माझ्या वर्गात एक मराठी मुलगा होता. नाव लिहीत नाही, त्याचे आईवडील हे वर्तमानपत्र इंटरनेटवर वाचतात. एक्यूएच्या इतिहासात 'ब्रिटिश साम्राज्य, सुमारे १८५७ ते १९६७' असा एक पर्याय आहे, तो या गटाने घेतला होता. मी निबंध दिला: "१८५७ ते १८९० या काळात भारतावरची ब्रिटिशांची पकड घट्ट झाली. या मताची ग्राह्यता तपासा." पोराने टिळकांना दीड पान दिले. १८९७ चा राजद्रोहाचा खटला, अठरा महिन्यांची शिक्षा, मग १९०८ चा खटला, सहा वर्षे मंडाले. एक तारीख चुकलेली नाही. वाचताना मला भरून आले, खोटे कशाला सांगू. आणि मी त्याला २५ पैकी १२ दिले.

एरवी माझ्याशी इंग्रजीतच बोलणारा तो पोरगा त्या दिवशी वर्ग रिकामा झाल्यावर मराठीत म्हणाला, "मिस, निदान तुम्ही तरी..."

मी त्याला प्रश्नातल्या १८९० या आकड्यावर बोट ठेवायला लावले. प्रश्न तिथे संपतो. टिळकांचा पहिला राजद्रोहाचा खटला त्यानंतर सात वर्षांनी. म्हणजे ते दीड पान परीक्षकाच्या लेखी कोरे. मग वह्या बंद करायला लावल्या, एक कोरा कागद दिला आणि विचारले, "पकड म्हणजे काय?" तो माझ्याकडे बघत राहिला. सगळा निबंध या शब्दावर उभा आहे आणि आठ पानांत त्याने त्याच्याकडे एकदाही वळून पाहिले नव्हते. पकड प्रशासनाची, लष्कराची, तिजोरीची, की लोकांनी मनातून राज्य मान्य करण्याची? एवढे चार भाग पडल्याबरोबर त्याला माहीत असलेल्या गोष्टी आपापल्या जागी जाऊन बसू लागल्या. १८५८ ला कंपनी गेली, लंडनला भारतमंत्री आणि त्याचे पंधरा जणांचे मंडळ आले: प्रशासन. सैन्यात गोऱ्या शिपायांचे प्रमाण वाढवले, तोफखाना जवळजवळ पूर्ण स्वतःच्या हाती ठेवला: लष्कर. १८७७ चा दिल्ली दरबार, राणीला सम्राज्ञीचा किताब, आणि नेमका त्याच वेळी दख्खनमध्ये आणि मद्रास इलाख्यात दुष्काळ: हे कोणत्या खान्यात? इथे तो पहिल्यांदा अडला. तो अडला याचा मला आनंद झाला, कारण निबंध तिथून सुरू होतो.

"तुला महाराष्ट्रच हवा आहे ना," मी म्हटले, "मग १८७५ घे." पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला त्या वर्षी मे महिन्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली, कर्जरोखे जाळले, आणि ते लोण पुणे-नगर भागात पसरले. सरकारने दंगे मोडून काढले. पण चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला. हा पुरावा घट्ट पकडीचा की सैल पकडीचा? दंगा मोडला म्हणून घट्ट म्हणता येते, आणि कायदा बदलावा लागला म्हणून सैलही म्हणता येते. त्याच १८७९ सालात वासुदेव बळवंत फडके पकडले गेले. त्याच्या आदल्या वर्षी देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवर निर्बंध घालणारा कायदा आला. ज्या सरकारची पकड पक्की आहे त्याला मराठी-बंगाली वर्तमानपत्रांची एवढी धास्ती कशाला? आणि ज्या सरकारला धास्ती आहे त्याला असा कायदा बिनबोभाट करता तरी कसा आला? पुरावा कुणीकडे ओढायचा आणि का, हे मुलाने ठरवायचे असते. पाठ्यपुस्तक ते ठरवून देत नाही, आणि देत असेल तर ते पुस्तक बदलावे.

आठवडाभराने त्याने तोच निबंध पुन्हा लिहिला, साडेतीन पानांत. पहिलेच वाक्य असे होते की १८९० पर्यंत छावणीवरची आणि कचेरीवरची पकड निःसंशय घट्ट झाली, पण ती टिकवायला सरकारला सुशिक्षित भारतीयांचा होकार लागू लागला आणि भारतीय न्यायाधीशांना गोऱ्यांचे खटले चालवू देणाऱ्या १८८३ च्या इल्बर्ट विधेयकावरच्या गदारोळानंतर तो मिळणे अवघड झाले. टिळक या वेळी दोन वाक्यांत होते: १८८१ मध्ये केसरी सुरू झाला, पुढच्या वर्षी टिळक आणि आगरकर कोल्हापूर प्रकरणात डोंगरीच्या तुरुंगात गेले. सालांच्या आत होते, तरी दुसऱ्या वाक्याला मी खूण केली. तो बदनामीचा खटला होता, कोल्हापूरच्या दिवाणांनी केलेला. सरकारच्या पकडीचा पुरावा म्हणून तो लंगडा आहे. त्याने हुज्जत घातली, मग मान्य केले. या वेळी १९ मिळाले. वरच्या पायरीला दोन कमी, पण समासात 'नॅरेटिव्ह' नव्हते.

त्या मुलीच्या वडिलांना इतिहास येत नसेल तरी एक तपासणी करता येईल. तिचा जुना निबंध घ्या. एका कागदाने झाकत झाकत प्रत्येक परिच्छेदाचे फक्त पहिले वाक्य मोठ्याने वाचा. सगळी पहिली वाक्ये सलग वाचून एक युक्तिवाद ऐकू आला तर ठीक. 'त्यानंतर', 'पुढच्या वर्षी', '१५३६ मध्ये' अशा सुरुवाती ऐकू आल्या तर शिक्षिकेचा शेरा बरोबर आहे.

इंग्लंडच्या ट्यूडर राजघराण्याच्या काळावर ख्रिस्ती मठांच्या विसर्जनाचा प्रश्न येतो, आठव्या हेन्रीने ते मुख्यतः पैशासाठी केले का असा. कथेकरी परिच्छेद सुरू होतो: "१५३६ मध्ये लहान मठ बंद करण्याचा कायदा झाला." मुद्देसूद परिच्छेद असा सुरू होतो: "पैशाची गरज खरी होती, पण नुसता पैसाच हवा असता तर वर्षाला २०० पौंडांपेक्षा कमी उत्पन्नाच्या मठांवर आधी हात टाकला नसता." दोन्हींत माहिती तीच. दुसऱ्या वाक्यावर मात्र वाद घालता येतो. श्रीमंत मठांना आधी डिवचले असते तर त्यांचे वजनदार मठाधिपती उठले असते, असे कुणी म्हणेल, आणि तो पुढचा परिच्छेद झाला.

जीसीएसईला शाळा मुलांना 'पील' नावाची शिडी देतात: मुद्दा, पुरावा, स्पष्टीकरण, मग प्रश्नाशी जोड. पंधराव्या वर्षी ती उपयोगी असते. पण सतराव्या वर्षीही प्रत्येक परिच्छेद त्याच चालीवर चालला की निबंध कवायतीसारखा होतो आणि परिच्छेद एकमेकांशी बोलत नाहीत. मी पहिल्या दिवाळीच्या सुमारास, म्हणजे इथल्या ऑक्टोबरच्या सुट्टीनंतर, ती शिडी काढून घेते. आठवडाभर वर्गात रडारड असते.

प्रस्तावनेबद्दल एवढेच की नमनाला घडाभर तेल नको. 'प्राचीन काळापासून राजे आणि सत्ता यांचे नाते गुंतागुंतीचे राहिले आहे' असले वाक्य परीक्षकाने त्या दिवशी चाळीस वेळा वाचलेले असते. 'या निबंधात मी दोन्ही बाजू तपासणार आहे' हेही नको. तपासा ना, सांगता कशाला. पहिल्या तीन-चार वाक्यांत प्रश्नातल्या कळीच्या शब्दाचा अर्थ आणि तुमचा निर्णय आला पाहिजे. बरीच मुले निर्णय शेवटच्या परिच्छेदासाठी राखून ठेवतात, रहस्यकथेतल्या खुन्यासारखा. सगळी वरात निघून गेल्यावर मागून घोडे.

आता उतारे आणि साधने. एका पेपरात इतिहासकारांचे तीन उतारे असतात, दुसऱ्यात त्या काळातली तीन साधने. दोन्हींची मागणी वेगळी, आणि मुले दोन्हीकडे एकच मंत्र म्हणतात: 'हा लेखक पक्षपाती आहे, म्हणून विश्वासार्ह नाही.' यावर मला लेस्टरमध्ये राहण्याचा फायदा मिळतो. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड १४८५ मध्ये बॉस्वर्थच्या लढाईत पडला, ते मैदान आमच्याच परगण्यात. त्याचा मृतदेह लेस्टरला आणून पुरला होता. २०१२ मध्ये इथल्या विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांना तो सापडला, एका कार पार्कखाली. जॉन राऊस नावाच्या समकालीन लेखकाने रिचर्ड जिवंत असताना त्याची स्तुती लिहिली होती. रिचर्डला हरवून ट्यूडर घराण्याचा हेन्री सातवा सत्तेवर आल्यावर त्याच राऊसने लिहिले की रिचर्ड आईच्या पोटात दोन वर्षे होता आणि दात घेऊनच जन्मला. यापेक्षा पक्षपाती माणूस शोधून सापडायचा नाही. पण त्याच वर्णनात रिचर्डचा एक खांदा वर आणि एक खाली होता असेही येते, आणि सापडलेल्या सांगाड्याचा कणा खरोखरच एका बाजूला वळलेला निघाला. खांदे असमान असणारच.

मी हे सांगितले की वर्गात शांतता पसरते. खोटारड्या माणसाच्या लिखाणात खरी गोष्ट असते आणि त्याचे खोटेही आपल्याला काहीतरी सांगते: हेन्री सातव्याच्या राज्यात काय लिहिले की माणूस सुरक्षित राहतो, ते. म्हणून साधनाला 'पक्षपाती' म्हणून मोकळे होऊ नये. कुणासाठी लिहिले, त्या वेळी लिहिणाऱ्याला कशाची भीती किंवा आशा होती, आणि या नेमक्या प्रश्नाला त्यातले काय उपयोगी पडते, एवढे बघावे. इतिहासकारांच्या उताऱ्यात तर लेखकाचा पक्ष काढत बसायचेच नाही. त्याचा मुख्य दावा एका वाक्यात पकडायचा आणि आपल्याला माहीत असलेल्या पुराव्यावर तो घासून बघायचा. उताऱ्यातली वाक्ये उलटीसुलटी करून परत लिहिणे हा पेपरातला सर्वांत लोकप्रिय वेळकाढूपणा आहे.

रात्री साडेबारापर्यंत चालणाऱ्या टाचणांबद्दल स्पष्ट बोलू का? पाच रंगांच्या पेनांनी पाठ्यपुस्तक उतरवून काढणे ही सुलेखनाची कला आहे. मन शांत होते, वेळ जातो, डोक्यात फारसे राहत नाही. माझ्या मुलांना मी उलटे सांगते. पुस्तक वाच, मिट, मग कोऱ्या कागदावर जे आठवते ते लिही, आणि जे राहिले ते वेगळ्या रंगात भर. तो एक रंग पुरे. प्रत्येक विषयाला एकच ए-फोर कागद, आणि त्यावर सनावळी उतरवण्याऐवजी येऊ शकणारे प्रश्न मांडायचे; कोणता पुरावा कोणत्या प्रश्नाला लागेल ते बाणांनी जोडायचे. ट्यूडर बंडांच्या कागदावर १५३६ चे पिलग्रिमेज ऑफ ग्रेस असते, पण त्याच्यासमोर धर्म, कर, आणि सरदारांची नाराजी असे तीन बाण. आडातच नसेल तर पोहऱ्यात येणार नाही, हे मला मान्य आहे. सनावळी पाठ हवीच. आकडे आणि नावे छोट्या कार्डांवर लिहून बसमध्ये घोकावीत. घोकंपट्टीला मी नावे ठेवत नाही, तिच्या जागेबद्दल बोलते.

वेळेचा हिशोब सोपा आहे आणि तरी दर वर्षी चुकतो. अडीच तास म्हणजे १५० मिनिटे. उताऱ्यांना ६०, निबंधांना ४५-४५. पंचेचाळीसपैकी सात मिनिटे आराखड्याला. "सात मिनिटे वाया?" असे मुले विचारतात. शेवटचा निबंध अर्धवट राहिलेल्यांत आराखडा करणारे मला फार थोडे दिसले. आणि हाताने लिहा. वर्षभर लॅपटॉपवर लिहिणाऱ्या मुलांना बहुतेक ठिकाणी जूनमध्ये पेन धरावे लागते आणि दुसऱ्या तासाला त्यांचा अंगठा बोलू लागतो.

आठवड्याला एक निबंध, घड्याळ लावून, टाचणे बंद. त्यापेक्षा जास्त नको. पण तो तपासून आला की त्यातला सर्वांत वाईट परिच्छेद निवडून फक्त तेवढाच पुन्हा लिहायचा. हे कुणालाच आवडत नाही. नवा निबंध लिहिणे मुलांना परवडते, जुन्याकडे परत बघणे नकोसे होते. एकोणीस वर्षांत बी वरून ए वर गेलेली माझी बहुतेक मुले याच कंटाळवाण्या वाटेने गेली.

नमुना-उत्तरांचे पुस्तक मात्र घेऊ नका. एका मुलीने आठव्या हेन्रीचा मंत्री कार्डिनल वुल्झी याच्या परराष्ट्र धोरणावरचा तयार निबंध पाठ केला होता. प्रश्न आला त्याच्या देशांतर्गत कारभारावर. तिने पाठ केलेलाच लिहिला, फक्त दर परिच्छेदाला 'देशांतर्गत' हा शब्द पेरला. हसू नका, घाबरलेला माणूस काहीही करतो. पुस्तकाऐवजी मंडळांच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका, गुणदानाचे निकष आणि परीक्षकांचे अहवाल फुकट आहेत ते वाचावेत. त्यातही अहवाल आधी. मुले कुठे घसरली ते परीक्षक त्यात न रागावता सांगतात, जे आम्हा शिक्षकांना जमत नाही.

क्लासबद्दल एक धोक्याची सूचना. इतिहासाचा जो प्रकल्प आहे, ३५०० ते ४५०० शब्दांचा, साधारण शंभर वर्षांच्या काळावरचा, त्याला क्लासवाल्याचा हात लागता कामा नये. तो मुलीचा स्वतःचा असल्याच्या निवेदनावर तिला सही करावी लागते आणि शिक्षिकेलाही. आम्हा शिक्षकांना त्याचा मसुदा ओळ न् ओळ दुरुस्त करून देता येत नाही, नियमच तसा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेऊन आपले म्हणून देणे हाही गैरप्रकारच धरला जातो. वडिलांनी जेवताना तिला विचारावे, "तुझ्या दोन इतिहासकारांचे भांडण नेमके कशावरून आहे?" दोन मिनिटांत सांगता आले तर प्रकल्प ठीक चालला आहे. नाही आले तर तिला अजून लिहायला बसवू नये, वाचायला बसवावे.

राज्यशास्त्रावर माझा अधिकार नाही, शेजारच्या वर्गातून जे ऐकू येते तेवढे सांगते. तिथे ३० गुणांच्या निबंधात 'अमुक मताचे मूल्यमापन करा' असे विचारतात आणि दोन्ही दगडांवर पाय ठेवणाऱ्याला वरचे गुण नाहीत. उदाहरणे ताजी आणि नेमकी लागतात. 'न्यायालये सरकारवर अंकुश ठेवतात' हे वाक्य रिकामे. सप्टेंबर २०१९ मध्ये संसद स्थगित करण्याचा पंतप्रधानांचा सल्ला सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी एकमताने बेकायदा ठरवला, हे म्हटले की वाक्यात जीव येतो. त्यासाठी रोज वर्तमानपत्र वाचावे लागते. साहित्यात गोष्ट सांगू नये, परीक्षकाने नाटक वाचलेले आहे. लांबलचक अवतरणापेक्षा तीन शब्द उचलून त्यांच्याशी झगडावे.

पत्राच्या शेवटी वडिलांनी हळूच विचारले आहे की अजून विषय बदलून विज्ञान घेता येईल का, कला शाखेला 'स्कोप' नाही असे नातेवाईक म्हणतात. दुसऱ्या वर्षात ते व्यवहारात अवघडच. आणि नातेवाईकांना मी उत्तर देणार नाही. माझ्याही नातेवाईकांना अजून दिलेले नाही.

मुलीला माझा एक निरोप द्या. पुढच्या निबंधावर पुन्हा तो शेरा आला तर तिने कागद घेऊन शिक्षिकेकडे जावे आणि विचारावे, "कोणत्या ओळीपासून?" आधी आम्ही वैतागतो. मग निबंध पुन्हा वाचायला घेतो, कारण त्याशिवाय उत्तर देता येत नाही.

आपली,
एक इतिहासशिक्षिका, लेस्टर
(कॉलेजच्या नियमांमुळे नाव छापू नये, ही विनंती.)